वासवेड्या बीगलला घेऊन नाशिकमध्ये धावताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने बीगलवाल्यांसाठी आहे. नाकाच्या मागे जाणारा दुसरा कुठलाही हाउंड (शिकारी कुत्रा) किंवा तसा संकर घरात असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. कुत्रा दर पन्नास पावलांवर थांबतो म्हणून बहुतेक लोक पहिल्या पंधरवड्यातच नाद सोडतात. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर इथे सगळ्यात लांब आहे.

बीगल धावायला योग्य कुत्रा आहे का? तो तर सोफ्यावरून उठत नाही.

योग्य आहे. ही जात सशाच्या मागावर तासन्‌तास चालवण्यासाठीच घडवली गेली. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये फिलिप हनीवूड नावाच्या पाद्र्याने बीगलचा एक कळप बाळगला होता आणि आजच्या बीगलची मुळं त्या कळपापर्यंत जातात. शिकारी या कुत्र्यांच्या मागे बऱ्याचदा घोड्यावरून न जाता पायी जात. म्हणजे माणसाच्या पायाला झेपेल इतकाच वेग, पण दम मोठा. सोफ्यावरचा आळस बहुतेक वेळा वजनाचा आणि कंटाळ्याचा असतो.

आमच्याकडे कारवान आहे. त्यालाही हेच नियम?

नाही. कारवान आणि मुधोळ हे डोळ्यांनी शिकार करणारे हाउंड आहेत. त्यांना दूरवर काही हललेलं दिसलं की ते सुसाट सुटतात, पण जमीन हुंगत बसत नाहीत. त्यांचा प्रश्न थांबण्याचा नसून सुटण्याचा असतो. बॅसेट आणि डॅशहंड नाकवाले असले तरी आखूड पाय आणि लांब पाठ यांमुळे त्यांना सलग धावायला नेऊच नका. भरभर चालणं त्यांना पुरतं.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

हाडांच्या टोकांवरचा वाढीचा भाग पक्का होईपर्यंत सलग धावणं नको. बीगलमध्ये हे साधारण ९ ते १२ महिन्यांत होतं. १२ महिने पूर्ण झाल्यावर मिनिट-मिनिटाच्या धावण्याने सुरुवात करा आणि दीड वर्षाचा होईपर्यंत सलग अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नका. त्याआधी मोकळ्या मातीत त्याच्या मर्जीने होणारी पळापळ चालते, कारण दमला की तो स्वतः थांबतो. दोरीला बांधून तुमच्या वेगाने डांबरावर पळवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आधी डॉक्टरांकडे काय तपासून घ्यावं?

वजन, हृदय, गुडघे, पाठ. निरोगी बीगल साधारण ९ ते ११ किलोचा, जरा मोठ्या चणीचा असेल तर १२–१३ पर्यंत. काट्यापेक्षा हात खरा: बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या मोजता आल्या पाहिजेत. नाही आल्या तर आधी दोन महिने चालणं आणि जेवणाला कात्री.

बीगलमध्ये मणक्याच्या चकतीचा त्रास नेहमीचा आहे. जिना चढायला नकार, पाठ कमानीसारखी उचललेली, मान वळवताना केकाटणं यातलं काहीही दिसलं तर धावणं बंद आणि लगेच तपासणी. झटके येण्याचा आजारही या जातीत आढळतो. कधी झटका आला असेल तर गोचिडांची तोंडावाटे द्यायची गोळी आणण्यापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. रेबीजची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा आजार) लस चालू हवी, कारण हा कुत्रा प्रत्येक डबक्यात नाक घालणार आहे.

कोणतं सामान लागतं?

छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा हार्नेस पुढच्या पायांची झेप अडवतो, तो नको. पट्टी आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, तीन गेली तर बीगल मागे सरकून निसटतो. दोरी पाठीवरच्या कडीला लावा. छातीवरच्या कडीला लावली तर तो बाजूला ओढताच अंग फिरतं आणि पाय अडकतो. पहिल्या काही दिवसांत घरी आल्यावर काखेतली कातडी बघा, घासल्याची खूण सगळ्यात आधी तिथेच दिसते.

कमरेचा पट्टा हवा. तो पोटावर न बांधता कमरेच्या हाडांवर बसवायचा, नाहीतर प्रत्येक हिसका पाठीच्या कण्यात जातो. त्याला ताणणारी दोरी जोडा, न ताणता दीड मीटर आणि ताणल्यावर सुमारे दोन मीटर होणारी. बटण दाबलं की आत-बाहेर होणारा पट्टा धावताना वापरू नका: त्यात कायम थोडा ताण राहतो, म्हणजे ओढलं की दोरी वाढते हेच कुत्रा शिकतो, शिवाय बारीक दोरी पोटरीला गुंडाळली तर कापते. गळपट्टा फक्त नाव-फोनच्या पाटीसाठी. चोक चेन, म्हणजे ओढलं की गळा आवळणारी साखळी, अजिबात नको.

बाकी: अर्धा लिटर पाणी, घडीची वाटी, शीच्या पिशव्या, बारीक चिमटा, अंधार असेल तर कुत्र्यालाही चमकणारी पट्टी.

दर दोन मिनिटांनी थांबून हुंगत बसतो. धावणं कसलं, उभं राहणंच जास्त. काय करावं?

आधी नाकात काय चाललंय ते समजून घेऊ. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०–६० लाख, बीगलच्या नाकात २० कोटींहून जास्त. हुंगताना तो सेकंदाला पाच-सहा वेळा बारीक श्वास घेतो. दामटून धाप लागेपर्यंत पळवल्यावर हे नीट जमत नाही, कारण हवा तोंडावाटे जायला लागते. म्हणून पहिला एक-दीड किलोमीटर सगळ्यात वाईट जातो आणि पुढे थांबे आपोआप कमी होतात. गंमत अशी की बहुतेक लोक नेमके त्या पहिल्या किलोमीटरातच वैतागून परततात.

हुंगणं बंद करायला जाऊ नका, ते होणार नाही. त्याऐवजी हुंगणं हीच धावण्याची मजुरी ठरवा. मजुरी कधी मिळणार हे तुम्ही ठरवायचं, आणि ती मिळणार याची त्याला खात्री हवी. त्यासाठी दोन शब्द पक्के करा: ‘हुंग’ आणि ‘चल’.

‘हुंग’ शिकवणं सोपं आहे. सोसायटीच्या गवतात बिनमिठाचे आठ-दहा फुटाणे टाका. त्याचं डोकं खाली जाताना एकदाच ‘हुंग’ म्हणा आणि दोरी पूर्ण सैल सोडा. चार-पाच दिवसांत शब्द ऐकताच नाक जमिनीला लागतं.

‘चल’ला वेळ लागतो. घरातल्या पॅसेजमध्ये सुरू करा, जिथे वास नवे नसतात. ‘चल’ म्हणा, तीन पावलं टाका, गुडघ्याच्या उंचीवर हातातून खाऊ द्या. खाऊ चालता चालताच द्यायचा, थांबून दिला तर थांबण्याचंच बक्षीस होतं. मग जिना, मग पार्किंग, मग गेटबाहेरची गल्ली. गल्लीत दहापैकी आठ वेळा जमलं की रस्त्यावर.

रस्त्यावर पहिली दहा मिनिटं निव्वळ हुंगत चालणं, पोट आणि मूत्राशय रिकामं होऊ द्या. मग ‘चल’, ४०० मीटर धावणं, ‘हुंग’, अर्धा मिनिट, पुन्हा ‘चल’. दोन आठवड्यांनी ६०० मीटर, मग ८००. तयार झालेला बीगल एक किलोमीटर धावतो आणि एक मिनिट हुंगतो. थांबा मात्र तुम्ही निवडायचा, आणि तो रसाळ हवा: विजेचा खांब, कंपाउंडचा कोपरा, झाडाचा बुंधा. कोरड्या फरशीवर ‘हुंग’ म्हणाल तर तो तुमच्याकडे बघत राहील, आणि बरोबरच आहे त्याचं.

बिघडतं ते इथे: कुत्रा खांबाकडे ओढतो, दोरी ताणली जाते, माणूस ‘बरं घे’ म्हणून थांबतो. यातून तो एवढंच शिकतो की ओढलं की खांब मिळतो. ओढून नेलेला खांब कधीच द्यायचा नाही. तिथून पुढे निघायचं आणि पुढच्या खांबाला, दोरी सैल असताना, ‘हुंग’ म्हणायचं. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायला हवं. संध्याकाळी आजोबा त्याला ओढू देत असतील तर सकाळची मेहनत पाण्यात.

वासावर लागला की नाव घेतलं तरी ऐकत नाही. मुद्दाम करतो का?

मुद्दाम नाही. सगळं लक्ष नाकात गेलेलं असतं. त्या क्षणी दहादा हाक मारलीत तर त्याचं नाव हा नुसता मागचा आवाज होऊन बसतो. त्याआधीचे दोन-तीन सेकंद तुमचे असतात. खुणा ठरलेल्या आहेत: डोकं खांद्याच्या रेषेखाली येतं, शेपटी वर आणि जोरात हलू लागते, पावलं आखूड होतात, धापेचा आवाज बंद होऊन नाकाचा बारीक फुसफुस आवाज येतो. पहिली खूण दिसताच ‘चल’ म्हणा आणि वेग थोडा वाढवा. नाक जमिनीला टेकलं असेल तर बोलू नका. जवळ जा, दोरी आखूड धरा, त्याच्या अंगाला अंग लावून वळवा आणि चार पावलांवर खाऊ द्या.

वाऱ्याचाही हात असतो. वारा समोरून असेल तर वास समोरून येतात आणि तो सरळ ओढतो, धावणाऱ्याला ते सोसतं. वारा आडवा असेल तर तो बाजूला झेपावतो, पडायला होतं ते याच वेळी. पावसाळ्यात नाशकात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणजे शहरातून गंगापूर धरणाच्या दिशेने जाताना तो तोंडावर येतो. सुरुवातीच्या दिवसांत वारा समोर किंवा पाठीवर राहील असा सरळ रस्ता निवडा.

आडवा येऊन पाडतो.

त्याला एकच बाजू द्या आणि ती बदलू नका. पदपथ नसलेल्या रस्त्यावर आपण उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावतो, म्हणून कुत्रा तुमच्या उजवीकडे, वाहनांपासून लांब. बाजू ओलांडली की लगेच चालण्यावर या, त्याला मागून फिरवून जागेवर आणा, मग ‘चल’. आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका, हिसका बसला तर मनगट जातं.

किती अंतर, किती वेग?

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. पुढचे दोन आठवडे दोन-दोन मिनिटं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चार मिनिटं धावणं, दोन चालणं, चार वेळा. सातव्या-आठव्यात आठ मिनिटांचे तीन तुकडे. दहाव्या आठवड्यापर्यंत हुंगण्याचे थांबे धरून २५–३० मिनिटं होतात, म्हणजे साधारण चार किलोमीटर. त्यानंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. तयार बीगलला ५ ते ८ किलोमीटर भरपूर झाले.

वेग साडेसहा ते आठ मिनिटांना एक किलोमीटर. त्याची दुडकी चाल टिकली पाहिजे. तो सतत चौखूर उधळत असेल तर तुम्ही फार जोरात आहात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाय आखडलेले दिसले तर मागच्या आठवड्याच्या अंतरावर परत या.

नाशिकमध्ये कुठे धावावं?

माती किंवा मुरूम असलेली, लांब आणि सरळ जागा. गंगापूर रोडच्या आतल्या शांत गल्ल्या सरावाला बऱ्या. गोदाकाठचा रस्ता सपाट आहे, पण घाटांच्या जवळ टाकलेलं अन्न आणि निर्माल्य इतकं असतं की नवशिक्या बीगलला तिथे नेऊ नका. पूर येऊन गेल्यावर आठ-दहा दिवस नदीकाठ पूर्ण टाळा: गाळ, काचा, मेलेले प्राणी. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (तिच्यावरून पुराचा अंदाज घेतात) पाणी लागल्याची बातमी आली की मार्ग बदला, एवढं सोपं ठेवा.

मखमलाबादकडचे कालव्याकाठचे कच्चे रस्ते पायांना चांगले. फक्त कालव्याच्या बाजूला दोरी आखूड ठेवा. सिमेंटच्या उतरत्या भिंतीवरून आत घसरलेल्या कुत्र्याला स्वतःहून वर येता येत नाही.

जॉगिंग ट्रॅकवर आधी फलक वाचा. परवानगी असली तरी गर्दीच्या वेळी दीड मीटरच्या दोरीने कुणीतरी अडखळणारच. पांडवलेणी आणि शेजारच्या वनोद्यानाच्या आवारात, अंजनेरीच्या राखीव भागात आणि नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात कुत्रा नेऊ नका. तिथल्या प्राण्या-पक्ष्यांना हुंगत येणारं जनावर म्हणजे शिकारी. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते बरेच आहेत. खडी आणि उघड्या सळया असलेल्या पट्ट्यात चालत जा.

कोणती वेळ बरी? उन्हाळ्यात काय?

सकाळ. कुत्र्याला घाम येऊन अंग गार होत नाही, सगळी मदार धापेवर. हवा २४–२५ अंशांवर गेली की अंतर निम्मं करा, २८ च्या पुढे फक्त चालणं. दमट दिवशी हे आकडे दोन-तीन अंशांनी खाली ओढा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी सात वाजताही डांबर तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा, ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथे नकोत.

जीभ रुंद होऊन टोकाला वळली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, किंवा सावलीत दहा मिनिटं थांबूनही धाप उतरली नाही, तर हा उष्माघात समजा. आधी गार करा, मग दवाखाना. नळाचं पाणी अंगभर ओतत राहा, विशेषतः पोट, काखा आणि मांड्यांच्या आतून, आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, खाली उष्णता अडकते. शुद्धीवर असेल तर पाणी पिऊ द्या, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. मग गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून डॉक्टरांकडे. बरा वाटला तरी न्यायचंच, मूत्रपिंडांवरचा परिणाम नंतर दिसतो.

पावसाळ्यात तर जास्तच हुंगतो. असं का?

ओल्या जमिनीवर वास धरून राहतो, कोरड्या गरम वाऱ्यात उडून जातो. म्हणजे जुलै-ऑगस्टची जी सकाळ तुम्हाला धावायला सुखाची वाटते, तीच त्याच्या नाकाला मेजवानी असते. त्या महिन्यांत तुकडे आखूड करा, ८०० मीटरवरून ५०० वर या. शिस्त बिघडली असं समजू नका.

घरी आल्यावर कान कोरडे करा. लोंबत्या कानांत ओल राहिली की बुरशी होते: डोकं झटकणं, कान खाजवणं, आंबूस वास. सुती कापडाने दिसेल तेवढंच पुसा, कापसाची काडी आत घालू नका. बोटांच्या बेचक्याही पुसा. गवत वाढलेलं असताना घोणस, फुरसं दिसत नाही आणि बीगलचं थोबाड तर सगळ्यात पुढे. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. चालवू नका, उचलून थेट दवाखान्यात न्या, आणि प्रतिविष आहे का हे वाटेतूनच फोनवर विचारा.

पावसाळा संपल्यावर पंजा चाटत बसतो, किंवा अचानक शिंकतच सुटतो.

बहुधा कुसळ. ऑक्टोबर ते डिसेंबर माळावरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याची टोकदार कुसळं एका दिशेनेच आत सरकतात, मागे येत नाहीत. नाकात गेलं तर एकाएकी जोरजोरात शिंका, कधी रक्त. कानात गेलं तर डोकं तिरकं. बोटांच्या बेचक्यात गेलं तर दोन दिवसांनी गाठ. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढा. नाकात किंवा कानात स्वतः प्रयोग करू नका, गुंगी देऊन काढावं लागतं. या तीन महिन्यांत गवतातून धावणंच टाळलेलं बरं. गोचिडांसाठी कानामागे, मानेखाली आणि बोटांमध्ये रोज हात फिरवा. ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिकट पडणं दिसलं तर रक्त तपासा.

द्राक्षबागांच्या कडेने धावलं तर चालेल?

शक्यतो नको, आणि हा सल्ला नाशिकला जितका लागू तितका क्वचितच कुठे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती मण्यांनी होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे ‘दोनच खाल्ली’ याला अर्थ नाही. २०२१ पासून संशयाचा काटा द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून रस्त्यावर पडलेल्या पिकल्या चिंचाही तोंडात जाऊ देऊ नका. ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते.

धोक्याची वेळ फक्त काढणीची नाही. विरळणीच्या वेळी कोवळे मणी खाली पडतात, जानेवारी ते एप्रिल खुडलेल्या घडांतला खराब माल बांधावर टाकलेला असतो, आणि वायनरीजवळ द्राक्षांचा चोथा खतासाठी ढीग करून ठेवतात. आंबलेल्या चोथ्याचा वास बीगलला लांबूनच बोलावतो. त्यात फवारणी. ऑक्टोबरच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर औषधं वारंवार मारली जातात. पानांवर निळसर डाग दिसले तर बोर्डो मिश्रणातला (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मोरचूद समजा. अशा बांधावरून गेलात तर घरी येताच पंजे आणि पोट धुवा, कारण तो ते चाटणार.

खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. उलट्या आणि मरगळ पहिल्या दिवसात दिसते, लघवी कमी होणं एक ते तीन दिवसांत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

बिबट्याची भीती खरी का?

खरी. गंगापूर, गिरणारे, मखमलाबादचे मळे, देवळाली, दारणाकाठची गावं, जिथे ऊस आणि नदी जवळ आहे तिथे बिबट्या असतो, आणि कुत्रा त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. उन्हाळ्यात पंचाईत होते: ऊन टाळायला पहाटे निघावं तर अंधार. तोडगा असा की उजाडण्यापूर्वी धावायचं तर शहरातल्या दिव्यांच्या, वर्दळीच्या रस्त्यावर. मळ्यांकडे सूर्य वर आल्यावरच, म्हणजे मे महिन्यात सहानंतर आणि जानेवारीत सव्वासातनंतर. बीगल अचानक थिजला, अंगावरचे केस उभे राहिले, पुढे यायलाच तयार नाही, तर ओढू नका. त्याच्या नाकावर विश्वास ठेवा आणि परत फिरा.

भटकी कुत्री अंगावर येतात.

धावणारं काहीही त्यांना चेतवतं. टोळी दिसली की तीसेक मीटर आधीच चालायला लागा, दोरी आखूड धरा, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, डोळ्यांत न बघता पुढे जा. बीगलला उचलून घेऊ नका, ती उड्या मारतात आणि चावा तुमच्या दंडाला बसतो. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने गेलात तर महिन्याभरात बहुतेक टोळ्या दुर्लक्ष करू लागतात. चावा बसलाच, तुम्हाला किंवा त्याला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

खाणं-पाणी कसं ठेवावं?

जेवणानंतर दोन-तीन तास धावणं नको, धावल्यावर धाप पूर्ण उतरल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने जेवण. पाणी थोडं थोडं: दर २० मिनिटांनी अर्धी वाटी. १० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास लागतं, धावण्याच्या दिवशी जास्त. सरावाचा खाऊ रोजच्या खाण्याच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढं जेवण कमी करा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे मटारएवढे तुकडे पुरतात. तुकडा केवढा यापेक्षा किती वेळा मिळाला हे तो मोजतो.

रस्त्यावरचं काहीही तोंडात घेतो.

बीगल आहे. मिसळीच्या ठिकाणांबाहेरचे पाव, बिर्याणीची शिजलेली हाडं, पितृपक्षात कुंपणांवर ठेवलेली पानं, सगळं. शिजलेली हाडं फुटून आतडं फाडू शकतात, म्हणून ‘सोड’ हा तिसरा शब्द शिकवा. मुठीत साधा फुटाणा धरा. तो मूठ चाटणं थांबवून मागे सरकला की ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातला पनीरचा तुकडा द्या. बोटं घालून हिसकावून घेतलंत तर पुढच्या वेळी तो न चावता गिळेल. रविवार सकाळचा रस्ता सगळ्यात घाण असतो. त्या दिवशी सुट्टी दिलीत तरी बिघडत नाही.

शिकवून झाल्यावर मोकळा सोडता येईल का?

कुंपण नसलेल्या जागी कधीच नाही. घरात, गल्लीत, मैदानावर हाकेला येणारा बीगलही ताज्या मुंगसाच्या किंवा सशाच्या मागावर हाक ऐकत नाही, आणि मध्ये हायवे आहे हे त्याला दिसत नाही. मोकळीक द्यायची तर आठ-दहा मीटरची लांब दोरी, आणि ती फक्त हुंगण्याच्या फेरीत. धावताना नाही.

सुटलाच तर?

मागे पळू नका, त्याला तो खेळ किंवा शिकार वाटते. सुटला ती जागा लक्षात ठेवा आणि एक माणूस तिथेच थांबवा. नाकवाले कुत्रे वास संपला की बऱ्याचदा स्वतःच्याच मागावरून उलटे येतात, कधी वीस मिनिटांनी, कधी चार-पाच तासांनी. तिथे तुमचा घामाचा टी-शर्ट आणि पाण्याची वाटी ठेवा. जेवण उघड्यावर ठेवलं तर दुसरी कुत्री जमतात आणि तो लांबूनच परततो. दुसऱ्या माणसाने तो गेला त्या दिशेने जवळचा मोठा रस्ता गाठावा आणि तिथल्या रिक्षावाल्यांना, दूधवाल्यांना, वॉचमनना फोटो दाखवावा. दिसला तर ओरडू नका. खाली बसा, पाठ अर्धी वळवा आणि फुटाण्यांची पिशवी वाजवा. मायक्रोचिप, महापालिकेचा परवाना आणि गळ्यातली पाटी यांवरचा फोन नंबर चालू आहे ना, हे आजच बघून घ्या.